कानात कापूस घातला म्हणजे कान वाचतो?

गणपती-शिमग्याच्या ऑर्केस्ट्रात आपल्या कोकणातली बास गिटारवाली पोरं ड्रमला खेटून उभी राहतात, कानात कापसाचे बोळे कोंबून. ‘कापूस आहे, काही होत नाही’ ही समजूत साफ चुकीची आहे. कापसाने आवाज जेमतेम काही डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप) उतरतो, तोही मुख्यतः वरच्या सुरांचा. तारेवरच्या बोटाचा ठोका ऐकू येईना, की हात अँपच्या, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राच्या, बटणाकडे जातो आणि कान आणखी भाजतात! १०० डेसिबलला सुरक्षित वेळ अवघी १५ मिनिटं.

फोमचे इअरप्लग स्वस्त मिळतात. चिमटीत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सारा, फुगेपर्यंत बोटाने धरा. वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग महाग, पण सूर गढूळ करत नाहीत. परवडत असतील तर तेच घ्या.