सहा फांद्यांचा हिमकण: एका चिन्हाची पार्श्वभूमी

एसीच्या रिमोटवर थंडाव्यासाठी जे चिन्ह छापलेले असते, ते सहा फांद्यांच्या हिमकणाचे असते. ज्या घरात कोणी आयुष्यात हिमवर्षाव पाहिलेला नाही, तिथेही या चिन्हाचा अर्थ सांगावा लागत नाही. आपल्याकडे आभाळातून गोठून पडते ती गार. आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या थंडीत दिसणाऱ्या ज्या शुभ्र थराला वर्तमानपत्रे हिमकण म्हणतात, ते बहुधा गोठलेले दव असते. गारेवर ढगातल्या थेंबांचे थर चढत जातात. खरा हिमस्फटिक मात्र हवेतल्या बाष्पातून, पाण्याची पायरी गाळून, थेट बर्फाच्या रूपात वाढतो. त्याचा तो रेखीव आकार माणसाच्या नजरेला सापडला कसा, याचा इतिहास चांगलाच लांब आहे. सौंदर्याच्या ओढीने विज्ञानाला या विषयात वाट दाखवली, हे त्यातून दिसतेच. पण त्याच ओढीने काही काळ विज्ञानाची नजर बांधूनही ठेवली, हे सहसा सांगितले जात नाही.

झाडाझुडपांची फुले बहुधा पाच पाकळ्यांची असतात, हिमाची फुले मात्र नेहमी सहा पाकळ्यांची, अशी नोंद चीनमध्ये हान यिंग या विद्वानाने इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातच करून ठेवली होती. युरोपला ही सहाची संख्या दिसायला फार उशीर लागला. स्वीडनचे धर्मगुरू ओलाउस माग्नुस यांनी उत्तरेकडील लोकांविषयी लिहिलेला ग्रंथ १५५५ मध्ये रोममध्ये छापला गेला. त्यातल्या एका लाकडी ठशाच्या चित्रात हिमाचे आकार दाखवले आहेत, आणि त्यांत चंद्रकोर आहे, बाण आहे, घंटा आहे, एवढेच नव्हे तर माणसाच्या हाताचा पंजाही आहे. बर्फाळ प्रदेशात वाढलेल्या माणसाच्या ग्रंथात असे चित्र यावे, याचे नवल वाटते. समोर रोज पडणारी वस्तूही तिच्याविषयी प्रश्न पडल्याशिवाय दिसत नाही, याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

प्रश्न पडला तो प्रागमध्ये, योहान केप्लर यांना. सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या दरबारी गणिती असलेले केप्लर नववर्षानिमित्त आपले मित्र आणि दरबारातील मानकरी वाकर यांना काय भेट द्यावी, या विचारात होते. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, पूल ओलांडत असताना त्यांच्या अंगरख्यावर हिमकण पडले, आणि ते सगळे सहा कोनांचे होते. ‘निक्स’ म्हणजे लॅटिनमध्ये हिम, आणि जर्मन बोलीत जवळपास तोच उच्चार ‘काहीच नाही’ या अर्थाचा. खिशात काही नसलेल्या माणसाने मित्राला ‘काहीच नाही’ भेट द्यावी, या कोटीतून १६११ मध्ये एक छोटी पुस्तिका सिद्ध झाली. तिचा विषय एकच: हिमकण सहाच कोनांचे का? पाच किंवा सात कोनांचे का नाहीत? उत्तर शोधताना केप्लर मधाच्या पोळ्यातील घरांकडे वळतात, डाळिंबाचे दाणे एकमेकांना रेटत कसे कंगोरेदार होतात ते पाहतात, आणि सारख्या आकाराचे गोळे कमीत कमी जागेत कसे रचता येतील, याचा विचार करू लागतात. फळवाला संत्र्यांची जशी रास लावतो, त्याहून दाट रचना शक्य नाही, हे त्यांचे अनुमान पुढे गणितातील एक अत्यंत चिवट कोडे ठरले; अमेरिकन गणिती थॉमस हेल्स यांनी त्याची सिद्धता जाहीर केली ती १९९८ मध्ये. हिमकणाचे कोडे मात्र केप्लर यांना सुटले नाही. तसे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आणि तो प्रश्न रसायनशास्त्राकडे सोपवला. विनोदाच्या अंगाने सुरू झालेले हे लेखन स्फटिकशास्त्राच्या आरंभीच्या पानांत गणले जाते.

पुढच्या काळात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी १६३५ च्या हिवाळ्यात ॲम्स्टरडॅममध्ये हिमकण पाहून त्यांची चित्रे काढली, आणि सहा फांद्यांबरोबर बारा फांद्यांचे विरळ प्रकारही प्रामाणिकपणे नोंदवले. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी काळे कापड किंवा काळी टोपी पडत्या हिमाखाली धरून जे टिपले, ते त्यांच्या १६६५ च्या सूक्ष्मदर्शकविषयक ग्रंथात आले. आपल्या कथेला वळण देणारी गोष्ट हूक यांच्याच पानावर आहे. हिमकण जितका मोठा करून पाहावा तितका तो अधिक ओबडधोबड दिसतो, असे त्यांना आढळले. माशीचा डोळा किंवा पिसूचे पाय भिंगाखाली अधिकच देखणे दिसत असताना हिमकणाने मात्र निराशा करावी, हे त्यांना पटेना. म्हणून त्यांनी दोष वितळण्याला आणि पडताना होणाऱ्या मोडतोडीला दिला, निसर्गाच्या घडणशक्तीला नव्हे. हिमकण ढगातच पाहता आला, तर तो निर्दोष दिसेल, हा त्यांचा भरवसा होता. डोळ्यांना दिसलेल्यापेक्षा मनातल्या सुरेखतेवर त्यांनी अधिक विश्वास ठेवला, आणि पुढची दोनशे वर्षे बहुतेकांनी तेच केले.

जपानमध्ये हिमकण थेट कापडावर उतरले. कोगा संस्थानचे अधिपती दोई तोशित्सुरा यांनी वीस वर्षांहून अधिक काळ हिमकणांचे निरीक्षण केले. थंड केलेल्या काळ्या कापडावर हिमकण झेलायचा, चिमट्याने उचलायचा, आणि श्वास लागू न देता डच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, अशी त्यांची रीत होती. १८३२ मध्ये त्यांनी ८६ आकृत्यांचे पुस्तक काढले आणि त्याच्या शीर्षकात ‘सेक्का’, म्हणजे हिमफुले, हा शब्द वापरला. १८४० मध्ये आणखी ९७ आकृत्यांची पुरवणी आली. त्यांतले नक्षीकाम किमोनोंवर, भांड्यांवर, तलवारीच्या साजावर पसरले. हेच दोई ओसाकाच्या किल्ल्याचे प्रमुख असताना १८३७ मधील भुकेल्या गरिबांच्या बाजूने झालेले बंड मोडून काढण्यात पुढे होते. लोकांच्या स्मरणात मात्र ते ‘हिमाचे सरदार’ म्हणूनच राहिले.

आज जगभर जो हिमकण डोळ्यांपुढे येतो, त्याचे श्रेय मात्र अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या जेरिको या गावच्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याकडे जाते. आईने दिलेल्या जुन्या सूक्ष्मदर्शकातून तो पंधराव्या वर्षापासून हिमकण पाहून चित्रे काढत असे. पण चित्र पुरे होण्याआधीच कण विरून जाई. वडिलांना राजी करून त्याने कॅमेरा घेतला, तो सूक्ष्मदर्शकाला जोडला, आणि बऱ्याच फसलेल्या प्रयत्नांनंतर १५ जानेवारी १८८५ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आत, त्याला हिमस्फटिकाचे पहिले छायाचित्र मिळाले. त्याचे काम चाले ते शेकोटी नसलेल्या पडवीत. काळ्या रंगाच्या फळीवर हिम झेलायचे, नजरेत भरलेला कण काडीच्या टोकाने अलगद उचलून काचेवर ठेवायचा, पक्ष्याच्या पिसाने तो सपाट दाबायचा, आणि मग श्वास रोखून काच भिंगाखाली सरकवायची. अशा ५,००० हून अधिक काचा त्याने आयुष्यभरात तयार केल्या आणि एकेक प्रत अवघ्या पाच सेंटला विकली. दागिन्यांची नक्षी करणाऱ्या टिफनी या पेढीपर्यंत त्या पोहोचल्या. प्रत्येक हिमकण एकमेवाद्वितीय असतो आणि विरला की ती नक्षी पुन्हा घडत नाही, ही आता म्हणीसारखी झालेली कल्पना त्याच्या लेखांतूनच पसरली. हवामानखात्यातील भौतिकशास्त्रज्ञ हम्फ्रीज यांच्यासोबतचा २,४०० हून अधिक छायाचित्रांचा ग्रंथ १९३१ मध्ये आला, आणि त्याच वर्षी २३ डिसेंबरला, हिमवादळातून पायी घरी आल्यानंतर झालेल्या न्यूमोनियाने बेंटली वारला.

त्या छायाचित्रांतला शुभ्र कण गडद पार्श्वभूमीवर उठून दिसतो, त्यामागे कष्टाची कारागिरी आहे. मूळ छायाचित्रात पार्श्वभूमी उजळ येई. मग बेंटली दुसऱ्या काचेवर प्रत काढून कणाभोवतीचा लेप चाकूने कडेकडेने खरवडून टाकी. याच काळात बर्लिनचे हवामानशास्त्रज्ञ गुस्टाफ हेलमन यांनी रिखार्ड नॉयहाउस यांच्याकडून हिमकणांची छायाचित्रे काढून घेतली आणि १८९३ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांत तुटके, लंगडे, एका बाजूने वाढलेले कण भरपूर होते. बेंटलीच्या खरवडण्याने कणांच्या कडाच बदलतात, असा हेलमन यांचा आक्षेप होता. बेंटलीने आपली रीत लपवली नव्हती, आणि कणाला नवी फांदी जोडण्याचा आरोप त्याच्यावर करता येणार नाही. पण खरा प्रश्न चाकूचा नव्हताच. तो त्याआधी फळीवरून कोणता कण उचलायचा, याचा होता. बेंटली सुरेख तेवढेच उचलत होता.

बेंटलीच्या ग्रंथाने भारावून कामाला लागलेले, तरी न उचललेल्या कणांची दखल घेणारे संशोधक म्हणजे होक्काइदो विद्यापीठातील उकिचिरो नाकाया. तोकाची पर्वतावरच्या मुक्कामात त्यांनी सुमारे ३,००० छायाचित्रे घेतली. ती घेताना सुया, पोकळ स्तंभ, दोन्ही टोकांना चकत्या बसवलेले स्तंभ आणि कसलीच शिस्त नसलेले कण, सगळ्यांना सारखाच मान दिला. त्यांच्या वर्गीकरणात पुढे ४१ प्रकार झाले आणि ‘अनियमित’ हाही त्यांत एक रीतसर वर्ग होता. मग त्यांनी प्रयोगशाळेत हिमकण वाढवायला घेतला. दोऱ्यावर तुषार जमून गुंता होई. शेवटी सशाच्या केसाने काम झाले, कारण त्यावर बाष्प दूरदूरच्या मोजक्या बिंदूंवरच गोठते. १२ मार्च १९३६ रोजी पहिला कृत्रिम हिमस्फटिक तयार झाला. तापमान आणि आर्द्रता बदलत गेल्यावर असे दिसले की, शून्याच्या किंचित खाली चकत्या बनतात, उणे ५ अंशांच्या आसपास सुया आणि स्तंभ, तर उणे १५ च्या सुमारास, हवा पुरेशी दमट असेल तेव्हाच, त्या प्रसिद्ध फांद्या फुटतात. म्हणजे एसीच्या रिमोटवरचे चिन्ह हा तापमानाच्या एका अरुंद पट्ट्यातला प्रकार आहे. षटकोन का, याचे उत्तर तोवर क्ष-किरणांनी दिलेले होते: बर्फात पाण्याचे रेणू सहा-सहांच्या कड्यांत बांधलेले असतात.

कणाच्या आकारावरून वरच्या हवेची स्थिती ओळखता येते, म्हणून नाकाया हिमाला आभाळातून आलेले पत्र म्हणत. इशिकावा प्रांतातील त्यांच्या जन्मगावी १९९४ मध्ये वास्तुकार आराता इसोझाकी यांनी षटकोनी मनोऱ्यांचे संग्रहालय उभारले. तिथल्या अंगणात ग्रीनलंडहून आणलेले दगड पसरलेले आहेत आणि त्यांच्यामधून नाकाया यांची कन्या, शिल्पकार फुजिको नाकाया, यांनी रचलेले धुके थोड्या थोड्या वेळाने वर येते. १९७० च्या ओसाका प्रदर्शनापासून त्या धुक्याची शिल्पे करत आल्या आहेत. वडिलांनी तापमान अंशाअंशाने बांधून एकेक आकार मिळवला. अंगणातल्या या धुक्याला आकार देण्याचे काम वाऱ्याकडे आहे, आणि वारा पडला की ते दगडांवर तसेच बसून राहते.