दोन्ही ‘स्पोडोप्टेरा’च, पण सोयाबीनमधली वेगळी अन् मक्यातली वेगळी

सोयाबीन-भुईमुगावरची पानं खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा लिट्युरा, आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे, बारक्या अळ्या घोळक्यानं पान खरवडून जाळी करतात तीच, तिच्यावर जास्त लिहीत नाही. डोकं उठतं ते शेतकऱ्यांच्या ग्रुपवर कुणी मक्याच्या पोंग्यातल्या, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतल्या, अळीचा फोटो टाकला अन् खाली सगळे “स्पोडोप्टेरा” एवढंच लिहून मोकळे झाले की. अहो ते जीनसचं, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचं, नाव आहे, नुसतं आडनाव सांगून माणूस सापडतो का? पोंग्यात बसून भुश्यासारखी विष्ठा टाकणारी ती बहुतेक स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, अमेरिकन लष्करी अळी. 2018 ला कर्नाटकात सापडली अन् त्याच वर्षी आपल्या सोलापूर जिल्ह्यातपण.

आता ओळखायची कशी, तर जो तो डोक्यावरचा उलटा वाय, म्हणजे इंग्रजी Y सारखी फिकट खूण, शोधतो. मला या वायचा वैताग आलाय. दुसऱ्या अळ्यांच्या डोक्यावरपण तशी फिकट रेघ असते आणि फ्रुजिपर्डा बारकी असताना डोकं काळं, त्यात वाय दिसतच नाही. शेपटीकडं बघा! शेपटीच्या जरा अलीकडं, पोटाच्या आठव्या कप्प्यावर, चार काळे ठिपके चौकोनात बसलेले असतात, बाकीच्या कप्प्यांवरचे ठिपके असे नीट चौकोनात नसतात. अळी जरा मोठी झाली की मोबाईलच्या झूममध्ये स्पष्ट दिसतात. लिट्युराला हा चौकोन नाही, तिच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी काळे त्रिकोणी डाग, त्यातले पुढचे अन् मागचे जास्त ठळक.

जुन्या पुस्तकात लिट्युरा प्रोडेनिया जीनसमध्ये अन् फ्रुजिपर्डा लॅफिग्मा जीनसमध्ये मिळंल, नंतर दोघींना एकाच जीनसमध्ये आणलं, तेवढं लक्षात ठेवा बास. ज्वारीवरची आपली जुनी लष्करी अळी मिथिम्ना सेपराटा, ती या जीनसमधली नाहीच, तिला यात ओढू नका.

एवढा कीस का पाडतोय, तर कामगंध सापळ्यातली (मादीच्या वासानं नर पतंग पकडायचा सापळा) ल्युअर, म्हणजे वासाची गोळी, जातीप्रमाणं वेगळी असते. आमच्या शेजाऱ्याला दुकानदारानं “स्पोडोप्टेराचीच आहे की” म्हणून लिट्युराची दिली, ती मक्यात टांगली, सापळ्यात फ्रुजिपर्डाचा एक पतंग नाही अन् इकडं पोंगे खाऊन चाललेत. अळ्यांना रोग पाडून मारणाऱ्या एनपीव्ही विषाणूचंही तसंच, लिट्युराचा फ्रुजिपर्डावर नीट चालत नाही. पाकिटावर जातीचं पूर्ण नाव छापलेलं नसंल तर सरळ परत द्या.