टाउपो सरोवरतळाचे विभंग-नकाशांकन

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील टाउपो सरोवराच्या (क्षेत्रफळ सु. ६१६ चौ. किमी.; कमाल खोली सु. १८६ मी.) तळाखालील सक्रिय विभंगांचा (ज्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांसापेक्ष सरकतात अशा भूकवचातील भेगांचा) शोध घेऊन ते नकाशावर नोंदविण्याचे कार्य. पॅसिफिक भूपट्ट बेटाच्या पूर्वेकडील हिकुरांगी या सागरी खंदकापाशी बेटाखाली सरकत असल्याने बेटाचा मध्यभाग ताणला जाऊन खचदरी तयार झाली आहे; ती दरवर्षी सु. १० मिमी. रुंदावते. याच खचदरीत सु. २५,५०० वर्षांपूर्वीच्या ओरुआनुई या ज्वालामुखी उद्रेकाच्या वेळी भूपृष्ठ कोसळून कॅल्डेरा (महाकुंड) निर्माण झाला. परिणामी कुंड कोसळताना पडलेले कडेचे विभंग आणि ताणामुळे आजही सरकणारे ईशान्य-नैर्ऋत्य विभंग तळाशी एकमेकांत मिसळले आहेत. ते वेगळे ओळखणे हे या कार्यातील सर्वांत अवघड काम होय.

होडीतून सोडलेल्या ध्वनिलहरी गाळाच्या थरांवरून परावर्तित होतात व प्रत्येक थर रेषेच्या रूपात उमटतो. या रेषा एकाखाली एक तुटून खालीवर झालेल्या दिसल्या, की तेथे विभंग धरतात. वायुमिश्रित गाळात मात्र ध्वनी विखुरतो आणि खालचे काहीच दिसत नाही.

टाउपोच्या अखेरच्या मोठ्या उद्रेकाने तळावर पमिस (सच्छिद्र, हलका ज्वालामुखी खडक) व राखेचे नवे थर पसरले. हे थर ज्या विभंगाने कापले आहेत, तो उद्रेकानंतर सरकला हे निश्चित. म्हणून त्या उद्रेकाच्या कालनिश्चितीला येथे विशेष महत्त्व आहे. आकाश लाल झाल्याच्या चिनी व रोमन नोंदींवरून पूर्वी इ. स. १८६ हे वर्ष सुचविले गेले होते. उद्रेकात गाडल्या गेलेल्या वृक्षांच्या वलयांचे कार्बनमापन इ. स. २३२ (± १०) दर्शविते. भूगर्भातून आलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडमुळे हे मापन फसवे ठरते व उद्रेक काही दशके ते दोन शतके नंतरचा असावा, असेही एक मत आहे. ते सर्वमान्य झालेले नाही आणि वृक्षांचा पुरावा अधिक ग्राह्य वाटतो. उदाहरणादाखल, थर ४ मी. सरकलेला असेल, तर सरासरी वेग १८६ धरल्यास वर्षाला सु. २.१७ मिमी., २३२ धरल्यास सु. २.२३ मिमी. येतो, हा फरक नगण्य आहे. उद्रेक दोन शतके पुढे नेल्यास मात्र वेग सु. २.५ मिमी. होतो.

काठावरील पुरावा अधिक थेट आहे. १९२२ च्या भूकंपमालिकेत उत्तर काठावरील जमीन काही ठिकाणी सु. ३.७ मी. खचली आणि १९८३ मध्ये कायापो विभंग सु. ५ सेंमी. सरकला. सरोवराचा पृष्ठभाग सपाट असल्याने १९७९ पासून काठावरील ठरावीक ठिकाणी पाण्याची पातळी वारंवार मोजतात व त्यावरून कोणता काठ उचलला गेला आणि कोणता खचला, हे ठरवितात.