सामूहिक वनहक्काचा दावा : ‘पुरावा नाही’ म्हणून फाइल परत येते तेव्हा

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क, म्हणजे अख्ख्या गावाचा मिळून हक्क, मिळाला. तरी विदर्भातल्या कितीतरी गावांच्या फायली आजही ‘पुरावा अपुरा’ या शेऱ्यावर अडतात.

निस्तार (घरच्या गरजेपुरतं जंगलातून आणणं), चराई, मोह-तेंदूसाठी फॉर्म ब. पारंपरिक हद्दीतलं जंगल राखण्याच्या हक्कासाठी फॉर्म क. दोन्ही भरा. फॉर्म ब मध्ये जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञानाची ओळ असते, ती बहुतेक जण कोरी सोडतात. हा हक्क कायद्याच्या कलम 3 मध्ये आहे, तो मागा. कोणता कंद, कोणती साल, कोणत्या डोंगरातून, कोणत्या ऋतूत आणता एवढं लिहिलं तरी पुरे. औषधाची कृती कागदावर उतरवू नका, ती मागायचा कुणाला अधिकार नाही.

आता पुरावा. या कायद्याच्या नियमांतल्या नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे, त्यातले किमान दोन लागतात. निस्तारपत्रक (गावाच्या निस्तार हक्कांची जुनी सरकारी नोंद) तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयात शोधा, पण मिळालं नाही म्हणून थांबू नका. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हा कायदेशीर पुरावा आहे. तो दावेदाराखेरीज दुसऱ्याचा हवा, म्हणून शेजारच्या गावातल्या जुन्या माणसाचा घ्या. तुमची शीव त्यालाही ठाऊक असते. देवस्थान, जुनी बोडी (लहान तळं), मसणवट, कंद काढायची जागा यांच्या खुणा नकाशावर दाखवा. अमुकच कागद हवा, असा आग्रह दावा तपासणाऱ्या समितीला धरता येत नाही. उपग्रहाचं चित्र जोडपुरावा असतं, बाकी पुराव्यांची जागा ते घेऊ शकत नाही. हे नियमात लिहिलेलं असताना माणसांना पुन्हा पुन्हा हेलपाटे घालायला लावतात, याचा संताप येतो.

13 डिसेंबर 2005 ही अर्जाची शेवटची तारीख नव्हे. त्या दिवसाआधीपासून तुम्ही जंगलावर अवलंबून होता का, एवढंच ती विचारते. 75 वर्षांच्या वास्तव्याची अट आदिवासींना नाही, ती इतर पारंपरिक वननिवासींना आहे.

ग्रामसभा गावाची किंवा टोल्याची (वाडीची) घ्या. अनेक गावांच्या गटग्रामपंचायतीचा ठराव चालत नाही. निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया हव्यात. सह्या त्याच दिवशी घ्या बाप्पा, मागाहून घरोघरी फिरून घेतलेल्या सह्यांवरच बोट ठेवलं जातं.

दावा दिला की लेखी पोच मागा. नामंजूर झाला तर कारणं लेखी घ्या आणि ते पत्र मिळाल्याची तारीख त्यावरच टाका. कायद्यात अपिलाचे 60 दिवस निर्णयाच्या तारखेपासून मोजतात, म्हणून उशीर करू नका.