लिटल मोर्टन हॉल एवढा वाकडा का दिसतो?

लिटल मोर्टन हॉलचा फोटो पहिल्यांदा बघणाऱ्याला हमखास वाटतं की हे कुणीतरी फोटोशॉप केलंय. काळ्या-पांढऱ्या नक्षीचं लाकडी घर, भोवती पाण्याचा खंदक, आणि सगळ्यात वरचा मजला असा काही लचकलाय की जोराचा वारा आला तर खंदकातच जाईल. पण घर खरं आहे, इंग्लंडमध्ये चेशर परगण्यात काँगल्टन गावाजवळ, आणि पाचशे वर्षं असंच उभं आहे. ट्यूडर घर म्हटलं की हल्ली याचाच फोटो टाकतात, म्हणून हे असं का झालं ते जरा नीट लिहितो.

ट्यूडर म्हणजे १४८५ ते १६०३ मधलं राजघराणं, आठवा हेन्री आणि पहिली एलिझाबेथ यांचं. मोर्टन मंडळी काही राजेरजवाडे नव्हते, खात्यापित्या घरचे जमीनदार. १३४८ च्या प्लेगनंतर जमिनी स्वस्त झाल्या त्या यांनी घेतल्या, पुढे आठव्या हेन्रीने मठ बंद करून त्यांच्या जमिनी बाजारात आणल्या तेव्हाही यांचा हात पोचला. सोळाव्या शतकाच्या मध्यावर यांच्याकडे साधारण १,३६० एकर जमीन, पिठाची पाणचक्की आणि पाण्यावर चालणाऱ्या घणाची लोखंडाची भट्टीसुद्धा होती. पैसा आला की आधी घराला हात लागतो, तिकडेही तेच.

बांधकाम १५०४ च्या सुमाराला सुरू झालं आणि थांबत थांबत १६१० पर्यंत चाललं. म्हणजे कुणी एकाने बसून प्लॅन काढला असं नाहीच, आजोबांनी मोठा दिवाणखाना बांधला, मुलाने खोल्या जोडल्या, नातवाने दरवाजाकडची बाजू, मग आणखी काहीतरी. मधल्या फरसबंद चौकात उभं राहिलं की कुठलीही बाजू दुसरीशी जुळत नाही ती यामुळे.

पद्धत मात्र सगळीकडे एकच. आधी ओकच्या लाकडाचा सांगाडा, एका तुळईला खाच आणि दुसरीला त्यात बसणारी जीभ, वरून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. मधल्या चौकटी भरायला काठ्यांचा कूड आणि त्यावर माती-गवताचा गिलावा. कोकणात कुडाच्या भिंती बघितलेल्यांना वेगळं समजवायला नको. गंमत अशी की ओक ओला असतानाच वापरायचे, कारण वाळला की इतका टणक होतो की सुताराच्या हत्यारांची धार जाते. मग तो जागेवर बसल्यावर वाळतो, वाळताना पिळतो, आणि जुन्या ट्यूडर घरात काटकोन सापडत नाही त्याचं निम्मं कारण इथेच आहे.

उरलेलं निम्मं कारण वरच्या मजल्यावर. दक्षिणेकडची बाजू १५६० च्या दशकात उभी राहत होती, आणि काम सुरू झाल्यावर कुणाच्या तरी मनात आलं की वर एक लाँग गॅलरी पाहिजे. लाँग गॅलरी म्हणजे लांबलचक बंदिस्त व्हरांडा, पाऊस असला की त्यात फेऱ्या मारायच्या, खेळायचं, पाहुण्यांना दाखवायचं. एलिझाबेथच्या काळात ज्याच्याकडे ही नाही तो कसला श्रीमंत! तर इथे ६८ फूट लांबीची गॅलरी चढवली, दोन्ही बाजूंना खिडक्याच खिडक्या म्हणजे भिंतीचा आधार जवळजवळ नाही, आणि छपराला कौलं नाहीत तर चक्क दगडी फरश्या. खालचा सांगाडा एवढं ओझं धरून बांधलाच नव्हता. तो वाकला. माझ्या मते ही सरळ सरळ हौसेची किंमत आहे, आणि ती आर्किटेक्टने नाही तर लाकडाने मोजली.

खिडक्यांचंही तसंच. काच महाग, मोठा तुकडा बनवता येत नसे, म्हणून छोटे छोटे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे, आणि पट्ट्यांचीसुद्धा नक्षी करायची. चौकातल्या दोन मोठ्या बाहेर आलेल्या खिडक्या १५५९ च्या, आणि हे कळतं कारण वर कोरून ठेवलंय की विल्यम मोर्टनने या खिडक्या करवल्या आणि देवाच्या कृपेने रिचर्ड डेल सुताराने त्या केल्या. मालकासोबत सुताराचंही नाव! त्या काळच्या किती घरांवर कारागिराचं नाव सापडतं, सांगा.

आता लोकांना सगळ्यात आवडतो तो काळा-पांढरा रंग. तर तो ट्यूडर नाहीच. ओक तसाच सोडला की उन्हापावसात रुपेरी-राखाडी होतो. लाकडाला काळं फासायची फॅशन व्हिक्टोरियाच्या काळातली, म्हणजे घर बांधल्यावर जवळजवळ तीनशे वर्षांनी आलेली. नंतर जगभर नकली ट्यूडर बंगले बांधले गेले त्यांनी हाच रंग अस्सल समजून उचलला.

मग प्रश्न येतो की एवढं वाकडं घर कुणी पाडलं कसं नाही? उत्तर साधं आहे, पैसे नव्हते. १६४२ ला राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटलं, मोर्टन राजाच्या बाजूचे आणि आजूबाजूचे सगळे पार्लमेंटवाले. १६४३ मध्ये घर जप्त करून त्यात सैनिक ठेवले. अर्जविनंत्या करून घर परत मिळालं पण कर्जाने कंबर मोडली, आणि १६७० च्या दशकाच्या अखेरीस मोर्टन स्वतः तिथे राहतही नव्हते, घर कुळांना दिलेलं. बाकीचे जमीनदार अठराव्या शतकात जुनी लाकडी घरं पाडून विटांची नवीन, सरळ रेषेतली घरं बांधत होते तेव्हा यांना ते परवडतच नव्हतं. १८४७ पर्यंत बराचसा भाग रिकामा पडला, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, छप्पर कुजलेलं, आणि घरातल्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या खोलीत, कोळसा साठवायचे.

शेवटी वारसाने घर एलिझाबेथ मोर्टन यांच्याकडे आलं, त्या नन होत्या. त्यांनी चॅपल दुरुस्त केलं, आणि गॅलरी धरून ठेवणारे स्टीलचे गजही बहुतेक त्यांच्याच काळात बसले. १९१२ मध्ये त्यांनी घर एका नात्यातल्या बिशपच्या नावे केलं, अट एकच, विकायचं नाही. बिशपनी विकलं नाहीच, १९३८ ला ते नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकलं.

नंतरही घरातून वस्तू निघतच राहिल्या. १९७६ मध्ये खालच्या एका खोलीतलं लाकडी पॅनेलिंग काढलं तर मागे रंगवलेली भिंत, बायबलमधल्या सुझॅनाची अख्खी गोष्ट चितारलेली. आणि त्या लाँग गॅलरीत, पॅनेलिंगच्या मागे, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे चार टेनिसचे बॉल अडकलेले सापडले.