काळंच आधी का विरतं?

आठवडी बाजारात जुन्या लुगड्यांचा गठ्ठा सुटला की आधी काठ बघितला जातो, मग पदर. गोधडीसाठी घ्यायचं असेल तर पहिल्यांदा काळा रंग बघावा. लाल-हिरव्या चौकड्या शाबूत, त्यांच्यामधली काळी रेघ मात्र जाळीसारखी झालेली, असं लुगडं हमखास सापडतं. ‘काळं अशुभ, म्हणून आधी जातं’ हा खुलासा निदान संक्रांतीला हौसेनं काळं नेसणाऱ्या मुलखात तरी चालू नये. दोष रंगाच्या रसायनात आहे. ‘नैसर्गिक रंग’ म्हणून चढ्या भावानं विकलं जाणारं काळंही त्यातून सुटत नाही.

कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजचे हजारो मणी ओवलेली माळ. माळा लांब असतात तोवर धागा मजबूत. पारंपरिक काळा रंग हिरडा आणि हिराकस यांचा. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे त्यातलं तुरट द्रव्य, आणि हिराकशीतलं लोह यांचं काळं संयुग धाग्यात बसतं. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा गंधकयुक्त क्षार, त्यामुळे मागे थोडं सल्फ्युरिक आम्लही उरतं. मण्यांमधला सांधा पाणी तोडतं आणि आम्ल त्याला हात देतं. त्यात आम्ल खर्ची पडत नाही. एक सांधा झाला की पुढच्याला लागतं. घाव माळेत कुठेही बसतो. दहा हजार मण्यांच्या माळेवर तो मधोमध बसला तर पाच-पाच हजारांचे दोन तुकडे. वजन तेच, रंग तोच, ताकद गेली. म्हणून विरलेलं कापड घडीत धडधाकट दिसतं.

लोहाचा उद्योग वेगळाच. ऑक्सिजनमुळे धाग्यात अल्प प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. फेरस लोह ते फोडून हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे अतिशय आक्रमक कण, मोकळे करतं आणि ते सेल्युलोजवर तुटून पडतात. या अभिक्रियेला रसायनशास्त्रज्ञ फेंटन यांचं नाव आहे. त्यांनी ती १८९४ मध्ये मांडली. यात फेरसचं फेरिक, म्हणजे लोहाचंच दुसरं रूप, होतं आणि टॅनिन त्याला पुन्हा फेरस करतं. असं चक्र फिरत राहिल्यामुळे चिमूटभर लोह वर्षानुवर्षं पुरतं. गंजक्या ट्रंकेतल्या साडीला डागाच्या जागी भोक पडतं, तेही बहुतांशी याच वाटेनं.

गिरणीतला ‘सल्फर ब्लॅक’ही निर्दोष नाही. उष्ण, दमट साठवणीत त्यातल्या गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल होतं. ढोबळमानानं दर दहा अंशांना अशा अभिक्रियांचा वेग दुप्पट होतो. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ट्रंक ठेवली तर काय होत असेल, ते यावरून ताडावं.

घेताना कापड उन्हासमोर धरा. घडीच्या रेषेवर आणि काळ्या भागात दोन्ही अंगठे शेजारी ठेवून हलकेच ताणा, एकदा उभ्या धाग्यात, एकदा आडव्या. ‘चर्र’ आवाज आला तर ठेवून द्या. कडेचा एक धागा जाळा: सुती कागदासारखा जळून मऊ राख होते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, टेरीकॉटची कडक गोळी उरते.

धुण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं कोपरा पुसून रंग सुटतो का ते बघा. मग सुती कापड पसरट टबात, खाली जुनी मच्छरदाणी अंथरून, साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा. पिवळं पाणी फेकून नवं घ्या. तीन-चार वेळा तरी. शेवटून दुसऱ्या पाण्यात पाच लिटरला एक चमचा खाण्याचा सोडा घाला म्हणजे आम्ल मारलं जातं. लोह मात्र तसंच राहतं. रेशमाला सोडा लावू नका. ब्लीचिंगही नको, तेही सेल्युलोज तोडतं. गंजावर लिंबू चालतं, पण ते नीट धुतलं गेलं नाही तर आम्ल पुन्हा धाग्यातच. पिळू नका, मच्छरदाणीसकट उचलून सावलीत आडवं वाळवा.

विरलेलं काळं गोधडीच्या पोटात घाला, वर-खाली धड कापड लावा. ते वरच हवं असेल तर तुकड्याखाली मलमलीचं अस्तर द्या आणि शिवणीला एक सेंटिमीटर माया सोडा. सुई बारीक, दोरा सुती. दोरा कापडापेक्षा चिवट असला तर ओढ बसल्यावर आधी कापड फाटतं. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो.