ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं? गाडी आणण्याआधी एवढं वाचा

हायवेला ब्रेक मारला की स्टिअरिंग हातात थरथरतं, ही तक्रार आमच्याकडे आठवड्याला तीन-चार गाड्यांची तरी असते. पसरणी घाटाच्या पायथ्याला वाईत गॅरेज म्हटल्यावर ती येणारच. पण बरेच जण तक्रार सांगायच्या ऐवजी काम सांगतात. ‘बॅलन्सिंग करून टाका’, ‘अलाइनमेंट बघा’, नाहीतर थेट ‘डिस्क वाकल्यात, नव्या घाला’. सांगितलेलं काम आम्ही मुकाट्याने केलं तर बिल होतं, थरथर तशीच राहते आणि चार दिवसांनी तुम्हाला पुन्हा सुट्टी काढून यावं लागतं. म्हणून हे पत्रक छापून काउंटरवर ठेवलं आहे.

आम्हाला आधी एवढंच सांगा, थरथर नेमकी कधी येते?

ब्रेकला पाय न लावता, सरळ रस्त्यावर 80-90 च्या वेगाला स्टिअरिंग हलत असेल तर बॅलन्सिंग बिघडलंय, रिम वाकलीय किंवा टायरला फुगा आलाय. ते काम चांगल्या टायरवाल्याकडेही होतं, त्यासाठी आमच्याकडेच यायला पाहिजे असं नाही. पाय पेडलवर नसताना स्टिअरिंग शांत, पाय टेकवला की थरथर सुरू आणि उचलला की बंद, असं असेल तर मात्र पुढच्या डिस्क बघाव्या लागतात, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि ब्रेक लावला की दोन्ही बाजूंनी पॅड ज्यांना आवळतात त्या चकत्या. तिथे बॅलन्सिंग दहा वेळा केलं तरी फरक पडणार नाही.

थरथर हातापेक्षा सीटखाली आणि पेडलमध्ये जास्त जाणवत असेल तर बहुधा मागचे ड्रम, म्हणजे मागच्या चाकातले डब्यासारखे ब्रेक. पावसाळाभर पाचगणीच्या बंगल्यावर हँडब्रेक ओढून उभ्या राहिलेल्या गाड्यांमध्ये हे हमखास सापडतं. ड्रमला आतून घासणारा लायनर जिथे टेकलेला असतो तिथे ड्रमवर गंजाचा पट्टा उठतो. आणि ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली कट-कट-कट करत असेल तर तो एबीएस आहे, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. तो त्याचं काम करतोय, घाबरू नका.

पेडल खोल जात असेल, एखाद्या चाकापाशी जळका वास येत असेल किंवा चाकाचा नट सैल दिसत असेल, तर गाडी चालवत आणू नका. फोन करा, आम्ही माणूस पाठवतो.

आता ‘डिस्क वाकली’ याविषयी. जाड बिडाची डिस्क अशी सहजासहजी वाकत नाही. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. एके ठिकाणी ती 0.02 मिलिमीटरने पातळ झाली तरी हाताला कळतं, आणि माणसाचा केस त्याहून जाड असतो. 80 च्या वेगाला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण 12 फेऱ्या मारतं. प्रत्येक फेरीत पॅडखालून जाड-पातळ भाग सरकतो, ब्रेकची पकड कमी-जास्त होते आणि तो हिसका चाक आणि स्टिअरिंग जोडणाऱ्या टाय रॉडमधून स्टिअरिंगपर्यंत पोचतो. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा बुश (रबरी सांधा) किंवा बॉल जॉइंट गेलेला असेल तर हिसका आणखी मोठा होऊन येतो. बुश बदलला की थरथर कमी झाल्यासारखी वाटते, पण मूळ डिस्कमध्येच असतं. नुसते पॅड बदलून तर काहीच साधत नाही.

मग डिस्क जाड-पातळ होते कशाने? इथेच बहुतेकांचा वेळ जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, अगदी सपाट बसायला हवी. मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला किंवा चाकाचे नट कमी-जास्त आवळले गेले, की ती किंचित तिरकी बसते आणि फिरताना डुलते. त्या दिवशी तुम्हाला काहीही जाणवत नाही. पण ब्रेक सोडलेला असतानाही डिस्कची तीच जागा प्रत्येक फेरीला पॅडला घासून जाते. काही हजार किलोमीटर असं घासलं की ती जागा पातळ होते, आणि मग एक दिवस थरथर सुरू होते. तोवर तुम्ही टायर बदलले होते किंवा पंक्चर काढलं होतं, हे विसरूनही गेलेले असता. आम्ही विचारतो, ‘चाक शेवटचं कधी उघडलं?’ उत्तर येतं, ‘त्याला चार महिने झाले, तेव्हा गाडी एकदम ठीक होती.’ तेव्हा ठीक असणारच! पण आम्हाला हवी ती माहिती त्या चार महिन्यांतच असते, म्हणून ती सांगायला विसरू नका.

मागच्या पावसाळ्यानंतर एक शिक्षक त्यांची हॅचबॅक घेऊन आले. दोनदा बॅलन्सिंग, एकदा अलाइनमेंट, पुढचे टायर मागे, आणि दिवाळीआधी डिस्कही लेथवर (कातकामाच्या यंत्रावर) फिरवून, सपाट करून आणलेल्या. एवढं करून थरथर परत सुरू. त्यांना शेजारी बसवून सुरूर फाट्यापुढे हायवेला ट्रायल घेतली. 90 ला हात स्थिर, ब्रेक लावला की मनगटापर्यंत थरथर. चाक उघडून डायल गेज (डिस्क किती डुलते ते काट्यावर दाखवणारं मापक) लावलं तर डावी डिस्क 0.11 मिलिमीटर डुलत होती. साधारण 0.05 च्या आत असेल तरच आम्ही ती ठीक मानतो. डिस्क काढली तर हबच्या तोंडावर गंजाचं तपकिरी कडं, नखाने उचललं तर पापुद्रा सुटून हातात आला. लेथवाल्याने डिस्क चोख काढून दिली होती, पण ती परत त्याच गंजावर बसवलेली. हब तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने लख्ख केला, डिस्क परत टेकवली, काटा 0.03 वर आला. मग दोन्ही डिस्कची जाडी मोजली. लेथवर आणखी एक हात मारण्याइतकी ती शिल्लक होती, म्हणून नव्या घालायची गरजच पडली नाही.

यावरून आमच्या दोन सवयी तुमच्या लक्षात येतील. काही जणांना त्या खटकतात.

पहिली, ट्रायल आणि मोजमाप झाल्याशिवाय आम्ही जॉब कार्डवर काम लिहीत नाही, आणि ट्रायलला तुम्ही शेजारी हवेच. यात पाऊण तास जातो आणि आम्ही त्याचे 400 रुपये घेतो. काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा होतात. आकडे कागदावर लिहून देतो, तो कागद घेऊन दुसरीकडे काम केलंत तरी हरकत नाही. ‘नुसतं बघायचे पैसे कसले?’ असं विचारणाऱ्यांना आम्ही सांगतो, की मोजल्यामुळेच नव्या डिस्कचा खर्च बऱ्याचदा वाचतो. कमीत कमी किती जाडी चालते ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. त्याच्या खाली गेलेली डिस्क आम्ही लेथवर चढवत नाही, तुम्ही कितीही आग्रह केलात तरी. बदलायची झाली तर पुढची जोडीच बदलतो.

दुसरी, नट शेवटी टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराने आवळता येतो त्या पान्याने) आवळतो, समोरासमोरचे आलटूनपालटून. एअर गनने काम झटपट होतं, पण एक नट जास्त आणि दुसरा कमी आवळला जातो. बहुतेक छोट्या गाड्यांना 85 ते 110 न्यूटन-मीटरच्या दरम्यान टॉर्क लागतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्याबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असतो. बाहेर टायर बदललेत किंवा पंक्चर काढलंत तर येता-जाता थांबा, आम्ही नट सैल करून नीट आवळून देतो. त्याचे पैसे घेत नाही.

घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये या, वळण जवळ आलं तरच ब्रेक लावा आणि लगेच सोडा. पाय सतत टेकवून उतरलात तर खाली येईपर्यंत डिस्क भयंकर तापते. तशा गरम डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा ठसा तिच्यावर उमटतो, आणि तोही पुढे हाताला जाणवतो. वाईत पोचल्या पोचल्या गाडी धुवायला लावू नका, चाकं निवू द्या. आणि खाली उतरल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं किंवा काळ्या भुकटीने माखलेलं दिसलं तर तेही येऊन सांगा. पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना कोरड्या पडून अडकल्या असतील, तर साफ करून ग्रीस लावल्यावर सुटतात.

शक्यतो सकाळी या, तेव्हा हायवेला ट्रायल घ्यायला रस्ता मोकळा मिळतो. अलॉय व्हीलला लॉक नट असतील तर त्याची चावी गाडीत आहे ना, ते निघण्यापूर्वी बघा. ती घरी राहिली तर चाक उघडता येत नाही आणि तुमची फेरी फुकट जाते.